घरच्या वायफायवर परकं कोणी शिरू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची डोंबिवलीतली इमारत चार मजल्यांची, खाली दुकानं. सोसायटीत कोणाचं नेट बिघडलं की हाक मला येते. राउटर, रेंज, रिचार्ज असं सगळं बोलून झालं की जाता जाता बहुतेक जण एक शंका विचारतात: आपलं नेट दुसरं कोणी वापरत नसेल ना? गेल्या काही वर्षांत त्या शंकेपायी जी उत्तरं पुन्हा पुन्हा द्यावी लागली, ती इथे लिहिली आहेत. इतक्या घरांत पाहिलं, पण कुलूप फोडून आत आलेला माणूस मला अजून सापडलेला नाही. दर वेळी किल्ली घरच्यांनीच कधीतरी कोणाच्या तरी हातात दिलेली होती. म्हणून खाली तांत्रिक गोष्टी आहेतच, पण पासवर्ड कोणाकोणाकडे जातो यावर मी जास्त लिहिलं आहे.

माझं वायफाय दुसरं कोणी वापरतंय हे ओळखायचं कसं?

नेट हळू झालं एवढ्यावरून काही ठरत नाही. फायबरची तार वाकलेली असते, महिन्याची ठरलेली मर्यादा संपलेली असते, किंवा राउटर कपाटामागे असतो. खात्री हवी तर राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी बघावी लागते. तिथे ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’, ‘क्लायंट लिस्ट’ किंवा ‘डीएचसीपी लिस्ट’ अशा नावाने ती असते. काही कंपन्यांच्या मोबाइल ॲपमध्येही दिसते.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. लेकीचा रात्रीचा ऑनलाइन क्लास सारखा तुटायला लागला म्हणून यादी उघडली, तर एकोणीस नावं. आमच्या घरात मोजून सात उपकरणं. नावंही धड कळेनात: कुठे फोनच्या मॉडेलचा नंबर, कुठे ‘अँड्रॉइड’ आणि पुढे आकडे, दोन ठिकाणी नुसतं ‘अननोन’. मग मी एकेक वस्तू बंद करत गेले. लेकीचा लॅपटॉप बंद केला, थोडं थांबले, पान रिफ्रेश केलं, एक ओळ गेली. टीव्हीचं बटण भिंतीवर बंद केलं, आणखी एक गेली. शेवटी यादी बघायला उघडा ठेवलेला माझा फोन सोडला तर घरात काहीच चालू नव्हतं, आणि तरी यादीत तेरा नावं होती. त्यातला एक तर खालच्या मजल्यावरच्या काकूंचा टीव्ही होता. लॉकडाउनमध्ये त्यांच्या मुलाच्या परीक्षेसाठी मीच पासवर्ड दिला होता. त्याने तो टीव्हीला टाकला, त्याच्या मामेभावाने फोनमध्ये घेतला, तिथून तो वॉचमनदादांकडे आणि पुढे दुकानातल्या पोरांकडे गेला. यात लबाडी कोणाचीच नव्हती.

अशी एकेक वस्तू बंद करून मोजणं हीच मला सगळ्यात भरवशाची पद्धत वाटते. एक लक्षात ठेवा: काही राउटर गेलेल्या उपकरणांची नावंही बराच वेळ दाखवत राहतात. म्हणून यादीत ‘ऑनलाइन’ किंवा ‘ॲक्टिव्ह’ असं काही लिहिलंय का ते बघून घ्या.

वापरलं कोणी थोडं नेट, तर आपलं जातं काय?

हा प्रश्न मला मोठ्या मनाची माणसं विचारतात, म्हणून याचं उत्तर सविस्तर देते.

तुमच्या वायफायवरून कोणीही काहीही केलं तरी बाहेरच्या जगाला ते तुमच्या जोडणीवरून आलेलं दिसतं. नेट कंपनीच्या नोंदीत ती जोडणी तुमच्या नावावर, तुमच्या कागदपत्रांवर असते. तपास सुरू झाला की पोलीस आधी तुमच्या दारात येतात.

हे आपल्या इथे घडून गेलेलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग काढत तपास पोचला नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका अमेरिकन नागरिकाच्या फ्लॅटपर्यंत. त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते भलत्यानेच वापरलं होतं. पण तेवढं सिद्ध होईपर्यंत त्याचे कॉम्प्युटर तपासासाठी गेले, चौकशीला सामोरं जावं लागलं आणि त्याचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. पुढच्या दोन महिन्यांत असेच ईमेल माटुंग्यातल्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी वायफाय शोधायची मोहीमच काढली.

इतकं टोकाचं प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही. पण कोणाला शिवीगाळीचे मेसेज, खोट्या नावाचं खातं, ऑनलाइन फसवणूक यांपैकी काहीही तुमच्या नेटवरून झालं तरी पहिला खुलासा तुम्हालाच करावा लागेल. तेव्हा ‘पासवर्ड सगळ्यांकडेच होता’ हे उत्तर तुमच्या फारसं कामाला येत नाही.

आत शिरलेल्याला माझे बँकेचे व्यवहार दिसतील का?

सहसा नाही. बँकेचं ॲप किंवा वेबसाइट स्वतःचं वेगळं कुलूप लावून बोलते, ते वायफायच्या पासवर्डने उघडत नाही. ब्राउझरने ‘हे पान सुरक्षित नाही’ असा इशारा दिला असताना पुढे गेलात, तर मात्र ते कुलूप राहत नाही.

धोका दुसरीकडे आहे. एकाच वायफायवर असलेली उपकरणं एकमेकांना दिसतात. तुमचा कॅमेरा, प्रिंटर, शेअर केलेलं फोल्डर, टीव्ही हे सगळं घुसलेल्याच्या समोर येतं, आणि या वस्तूंचे पासवर्ड बहुतेक घरांत कारखान्यातून आले तसेच असतात. राउटरच्याच पानाचा पासवर्ड बदललेला नसेल तर तो तिथेही पोचतो, आणि मग तुम्ही टाइप केलेला पत्ता तुम्हाला भलत्याच पानावर नेईल अशी सेटिंगही करू शकतो.

राउटरच्या पानावर जायचं कसं?

फोन घरच्या वायफायला जोडा, ब्राउझर उघडा आणि पत्त्याच्या जागी राउटरचा पत्ता टाका. तो डब्याच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर छापलेला असतो. सहसा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या डब्यांना १९२.१६८.२९.१. स्टिकर फाटला असेल तर फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर दाबा, ‘गेटवे’ म्हणून जो आकडा दिसतो तोच तो. नाव आणि पासवर्डही स्टिकरवर मिळतात. नसतील तर कंपनीच्या कस्टमर केअरला विचारा. जोडणी तुमची आहे, विचारायला संकोच करू नका.

दोन पासवर्ड असतात म्हणजे काय?

ही गल्लत मी जवळपास प्रत्येक घरात पाहिली आहे. एक पासवर्ड वायफायला जोडून घेण्याचा, तो फोनमध्ये टाकतो. दुसरा राउटरच्या सेटिंगचं पान उघडण्याचा, त्याला ॲडमिन पासवर्ड म्हणतात. पहिला बदलून लोक निश्चिंत होतात आणि दुसरा ‘ॲडमिन’ला ‘ॲडमिन’ असाच राहतो. मग ज्याला वायफाय वापरायला दिलं तो राउटरचा मालकही होऊ शकतो. आधी ॲडमिनचा बदला, मग वायफायचा. दोन्ही एकच ठेवू नका. त्याच पानावर ‘रिमोट मॅनेजमेंट’ किंवा बाहेरून राउटर उघडता येण्याची सोय चालू दिसली तर ती बंद करा.

नेट जोडायला आलेल्या माणसाने माझा मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवला आहे. चालेल का?

नाही. हा आज बदला. आमच्या पहिल्या जोडणीलाही जोडणाऱ्याने माझाच नंबर ठेवला होता. ‘मॅडम, विसरायला नको’ म्हणाला. त्याने चांगल्या मनानेच ठेवला होता, पण लक्षात राहणं सोडलं तर त्यात काहीच चांगलं नाही. तुमचा नंबर दूधवाल्याकडे आहे, सोसायटीच्या ग्रुपवर आहे, गाडीच्या काचेवर ‘अडचण असल्यास फोन करा’ म्हणून लिहिलेला आहे.

नंबर माहीत नसलेल्यालाही तो काढता येतो, आणि कसा ते समजून घेण्यासारखं आहे. तुमचा फोन वायफायला जोडतो तेव्हा फोन आणि राउटर यांच्यात चार छोटे निरोप जातात. त्यांत पासवर्ड उघडा नसतो, पण पासवर्ड बरोबर आहे की नाही हे पडताळता येईल एवढा मजकूर असतो. जिन्यात किंवा रस्त्यावर बसलेला माणूस ते निरोप हवेतून टिपून घेतो आणि घरी जाऊन कॉम्प्युटरवर एकामागून एक पासवर्ड लावून बघतो. राउटरला त्याचा पत्ताच नसतो, त्यामुळे ‘तीनदा चुकलं, आता थांबा’ असं म्हणणारं तिथे कोणी नाही. खेळांसाठी मिळतं तसलं एक भारी ग्राफिक्स कार्ड सेकंदाला वीस-पंचवीस लाख पासवर्ड लावून बघू शकतं. आपले मोबाइल नंबर दहा आकड्यांचे आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे शक्यता जास्तीत जास्त ४०० कोटी. हिशेब करा, तासही लागत नाही. नुसत्या आठ आकड्यांचा पासवर्ड, म्हणजे जन्मतारीख वगैरे, एका मिनिटात संपतो.

२०२१ साली सायबरआर्क या कंपनीच्या एका संशोधकाने तेल अवीवमध्ये फिरून ५,००० वायफायचे असे निरोप गोळा केले आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्के नेटवर्कांचे पासवर्ड शोधून काढले. तिथेही लोक मोबाइल नंबरच ठेवतात, हे त्यामागचं मोठं कारण होतं.

मग चांगला पासवर्ड कसा ठेवायचा?

लांब. वायफायचा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, त्यातल्या आठावर का थांबायचं? एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकत्र जोडा. अक्षरं रोमनच टाकावी लागतात, पण शब्द मराठी असायला काहीच हरकत नाही, उलट चांगलंच. उदाहरणार्थ खलबत्ता, एसटी, जांभूळ, गुरुवार, चष्मा हे शब्द सलग लिहून मध्ये एखादा आकडा. हाच पासवर्ड मात्र घेऊ नका, तुमच्या घरातले शब्द निवडा. आजी-आजोबांनाही असा पासवर्ड लक्षात राहतो. फक्त स्पेलिंग घरात एकदा ठरवून घ्या, कारण जांभूळ रोमनमध्ये तीन माणसं तीन प्रकारे लिहितात.

देवाचा गजर, घोषणा, आरतीची ओळ, मुलांची नावं आणि जन्मसाल, इमारतीचं नाव, यांतलं काही नको. जे सगळ्यांच्या ओठावर असतं तेच आधी लावून बघितलं जातं.

वायफायच्या नावाचं काय?

कंपनीचं आलेलं नाव बदला, पण त्यात आडनाव आणि फ्लॅट नंबर घालू नका. रस्त्यावरून जाणाऱ्याला कोणत्या घराचं नेट आहे हे कळायची गरज नाही. शिवाय वर सांगितलेल्या पासवर्ड लावून बघण्याच्या प्रकारात नेटवर्कचं नावही हिशेबात येतं, म्हणून हजारो घरांत सारखंच असलेलं नाव टाळलेलं बरं.

सेटिंगमध्ये डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ असं दिसतं. काय निवडू?

हे वायफायला लावायच्या कुलपाचे जुने-नवे प्रकार आहेत. डब्ल्यूपीए३ असेल तर ते. घरात जुने फोन असतील आणि ते जोडत नसतील तर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय. तोही नसेल तर डब्ल्यूपीए२, आणि त्यासोबत दिसणाऱ्या पर्यायांत ‘एईएस’.

डब्ल्यूईपी १९९७ सालचं आहे आणि २००१ मध्येच संशोधकांनी त्यातली खोट दाखवून दिली. आज ते काही मिनिटांत उघडतं, पासवर्ड कितीही मोठा असो. डब्ल्यूपीए२ २००४ सालचं, लांब पासवर्ड असेल तर अजूनही घरासाठी पुरेसं. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ चा मोठा फायदा असा की निरोप टिपून घरी नेऊन निवांत पासवर्ड लावत बसणं त्यात चालत नाही, प्रत्येक प्रयत्न राउटरशीच करावा लागतो. तुमच्या डब्यात डब्ल्यूईपीच्या पुढे काहीच नसेल तर तो डबा बदला. त्याला पर्याय नाही.

राउटरवरचं डब्ल्यूपीएस बटण काय आहे?

पासवर्ड न टाकता जोडून घेण्याची सोय. तिच्यात आठ आकड्यांचा पिनही असतो आणि खरा घोटाळा त्या पिनचा आहे. शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि पहिले चार बरोबर आहेत का हे राउटर वेगळं सांगून टाकतो. म्हणजे आधी १०,००० आणि मग १,००० प्रयत्न, एकूण ११,००० मध्ये काम झालं. २०११ च्या डिसेंबरमध्ये हे उघड झालं. नवे राउटर चुकीच्या प्रयत्नांनंतर थांबतात, तरी मी हे बंदच ठेवते. पिन फुटला की तुमचा पाच शब्दांचा पासवर्डही त्यासोबत हातात पडतो.

पाहुण्यांना पासवर्ड सांगत नाही, फक्त क्यूआर कोड दाखवते. ते सुरक्षित ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. त्या क्यूआर कोडमध्ये नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेले असतात, कसलंही कुलूप नसतं. कोणत्याही कोड वाचणाऱ्या ॲपने तो स्कॅन केला की पासवर्ड अक्षर अक्षर समोर येतो. पुष्कळ अँड्रॉइड फोनवर तर कोडच्या खालीच तो लिहिलेला असतो. आणि एकदा जोडलेला फोन स्वतःच तसाच कोड पुढच्याला दाखवू शकतो. आमचा पासवर्ड खालच्या दुकानापर्यंत गेला तो असाच, एका स्क्रीनशॉटने.

तेव्हा कोड दाखवणं म्हणजे पासवर्ड देणंच. दाखवायचा तर गेस्ट नेटवर्कचा दाखवा. फुकट वायफाय शोधून देणारी ॲप ज्याच्या फोनमध्ये आहेत त्याच्या बाबतीत जास्तच जपा. त्यांतली काही ॲप जोडलेल्या वायफायचे पासवर्ड आपल्याकडे साठवून इतरांना देतात.

गेस्ट नेटवर्क म्हणजे नेमकं काय?

त्याच राउटरमधून निघणारं दुसरं वायफाय, वेगळ्या नावाचं आणि वेगळ्या पासवर्डचं. त्यावरच्या माणसाला इंटरनेट मिळतं, पण तुमचा प्रिंटर, कॅमेरा, लॅपटॉप दिसत नाही. चालू करताना ‘लोकल नेटवर्क दिसू द्या’ अशा अर्थाचा पर्याय असेल तर तो बंद आहे ना, हे बघा. काही डब्यांत तो चालू येतो आणि मग गेस्टचा अर्थच राहत नाही.

गणपतीत, लग्नघरात, दिवाळीत घर भरलेलं असताना याच्याइतकं सोयीचं काही नाही. पाहुणे गेले की पासवर्ड बदलायचा किंवा ते नेटवर्कच बंद करायचं. घरच्या एकाही फोनला हात लावावा लागत नाही.

शेजारी पासवर्ड मागतात. नाही कसं म्हणायचं?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि याचं उत्तर राउटरच्या पानावर मिळत नाही.

आपल्याकडे वाटीभर साखर मागितली तर देतात, तशीच ही मागणी दारात येते. ‘ताई, आमचं नेट बंद आहे, बाळाचा फॉर्म भरायचाय, शेवटची तारीख आहे.’ इथे नाही म्हणणं मलाही जमत नाही, आणि म्हणूही नये असं मला वाटतं. मी म्हणते, ‘या की आत, इथे बसून भरा, मी प्रिंटही काढून देते.’ नाहीतर गेस्ट नेटवर्क देते आणि देतानाच सांगते, ‘हे उद्या रात्री बंद होईल हं.’ आधीच सांगितलं की दुसऱ्या दिवशी बंद केल्याचं कोणाला लागत नाही. मुदत न सांगता दिलं आणि मग गुपचूप बदललं की जिन्यात बोलणं बंद होतं. मी तेही अनुभवलं आहे.

खालच्या काकूंकडे टीव्हीचं बोलायला गेले तेव्हा मी ‘तुम्ही आमचं नेट वापरता’ असं म्हटलं नाही. म्हटलं, ‘काकू, नेटवर किती जण आहेत ते बघितलं तर बारा परके निघाले, सगळ्यांचाच पासवर्ड बदलतेय. तुमच्याकडे स्वतःची जोडणी घ्यायची असेल तर मी बसवून घ्यायला मदत करते.’ त्यांनी पुढच्या महिन्यात घेतली. त्यांच्या मुलाने टाकलेला पासवर्ड त्यांना ठाऊकच नव्हता.

कायमचं वाटून घ्यायचा विचार असेल, दोन घरांत एक जोडणी आणि बिल निम्मं निम्मं, तर तो सोडा. बहुतेक कंपन्यांच्या अटींत ते बसत नाही, आणि जबाबदारी मात्र बिलावर ज्याचं नाव आहे त्या एकट्याची राहते.

भाडेकरू किंवा पेइंग गेस्ट असतील तर?

त्यांच्या नावावर स्वतंत्र जोडणी, हे सगळ्यात उत्तम. ते शक्य नसेल तर गेस्ट नेटवर्क, आणि माणूस बदलला की पासवर्ड बदला.

टीव्ही, कॅमेरा, स्मार्ट बल्ब यांचं काय?

हे सगळं गेस्ट नेटवर्कवर टाका. फोनवरून टीव्हीवर काही लावायचं असेल तर दोन्ही एकाच नेटवर्कवर लागतात, तेवढी अडचण होते. टीव्ही घरच्या नेटवर्कवर ठेवलात तरी कॅमेरे वेगळे ठेवा.

कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलणं याहून महत्त्वाचं. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे होती फक्त कारखान्यातल्या साठेक नाव-पासवर्डांची यादी. ती एकेक लावून बघायची, उघडलं की आत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अशा उपकरणांच्या फौजेने अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्यात होते त्यांना याचा मागमूसही नव्हता.

नेटवर्कचं नाव लपवलं तर कोणाला दिसणारच नाही ना?

साध्या यादीत दिसणार नाही, पण शोधणाऱ्याला क्षणात दिसतं. उलट तुमचा फोन बाहेर गेल्यावरही ‘अमुक नेटवर्क आहे का’ असं विचारत राहू शकतो. काही उपयोग नाही.

ठरावीक उपकरणांनाच परवानगी देणारं मॅक फिल्टर?

ते मी आता लावत नाही. मॅक पत्ता म्हणजे प्रत्येक उपकरणाचा ओळखीचा आकडा, त्याची नक्कल करता येते, आणि २०१९-२० पासून फोन स्वतःच प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट पत्ता वापरतात, त्यामुळे घरच्याच माणसांचा फोन बाहेर राहतो.

राउटर अपडेट करायचा असतो का?

हो. पानावर ‘फर्मवेअर’ किंवा ‘अपडेट’ शोधा, आपोआप होण्याची सोय असेल तर चालू करा. कंपनीने दिलेल्या डब्यांचं अपडेट बहुधा कंपनीच लांबून करते. आणि नुसता राउटर नको, फोनही. २०१७ मध्ये मॅथी व्हानहूफ या बेल्जियन संशोधकाने डब्ल्यूपीए२ मधला ‘क्रॅक’ नावाचा दोष दाखवला, तेव्हा दुरुस्ती मुख्यतः फोन आणि लॅपटॉपमध्ये करावी लागली होती. डब्याला वर्षानुवर्षं अपडेट येतच नसेल तर तो बदलण्याच्या दिवसांत आलाय असं समजा.

इथेच एक आग्रहाची सूचना. दुरुस्तीला माणूस येऊन गेला की त्याच दिवशी पासवर्ड तपासा. डबा बदलला किंवा रिसेट केला की सगळं मूळ सेटिंगवर जातं, आणि घाईत पुन्हा मोबाइल नंबर किंवा एक ते आठ आकडे टाकले जातात. आमच्याकडे दोनदा झालंय.

वायफाय अचानक तुटलं आणि फोनवर ‘राउटर अपडेटसाठी पासवर्ड टाका’ असं पान आलं. टाकू का?

मुळीच नाही. तुमच्याच नावाचं खोटं वायफाय कोणीतरी शेजारी उभं केलेलं असू शकतं. घरचा राउटर तुटलेली जोडणी परत जोडताना असं पान उघडून वायफायचा पासवर्ड मागत नाही. ते पान बंद करा, राउटरचे दिवे बघा, राउटर बंद करून चालू करा. ‘नेट कंपनीतून बोलतोय, हे ॲप टाका, स्क्रीन दाखवा’ असा फोन आला तर तोही ठेवून द्या आणि बिलावरच्या नंबरला स्वतः फोन लावा. पैसे गेलेच असतील तर एक मिनिटही न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.

गावाला जाताना राउटर बंद करावा का?

घरात कॅमेरा नसेल तर करा. चालू नसलेल्या डब्यात कोणी शिरू शकत नाही, आणि पावसाळ्यात विजेच्या झटक्यातून डबाही वाचतो.

परकं कोणीतरी आहे याची खात्री पटली. आता काय करू?

आधी उपकरणांच्या यादीचा, तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवा. मग रविवारची दुपार मोकळी ठेवून सगळं एका दमात बदला: ॲडमिन पासवर्ड, वायफायचं नाव, वायफायचा पासवर्ड, डब्ल्यूपीएस बंद. बदललं की घरातलं प्रत्येक उपकरण बाहेर पडेल आणि पुन्हा जोडावं लागेल, हे घरच्यांना आधी सांगा. नाहीतर मॅच चालू असताना घरात आरडाओरडा होतो. राउटरच्या सेटिंग कोणी बदलल्याचा संशय असेल तर डब्यामागच्या बारीक भोकात टाचणी दाबून फॅक्टरी रिसेट करा, पण त्याआधी कंपनीकडून जोडणीचं नाव-पासवर्ड घेऊन ठेवा, नाहीतर नेटच चालू होणार नाही.

ओळखीच्याने सहज वापरलं असेल तर बोलून मिटवा. तुमच्या जोडणीवरून धमक्या, फसवणूक किंवा तसं काही झाल्याचं लक्षात आलं तर मात्र थांबू नका. सायबर पोलिसांकडे किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार करा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरणं बेकायदा आहे, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आपण आधी जाऊन केलेली नोंद पुढे फार कामाला येते.

घर बदलताना जुन्या राउटरचं काय करायचं?

परत देण्याआधी किंवा भंगारात घालण्याआधी फॅक्टरी रिसेट. खालच्या स्टिकरचा फोटोही सोशल मीडियावर विकायच्या जाहिरातीत टाकू नका.

पासवर्ड कागदावर लिहून ठेवला तर चालेल?

चालेल, मी ठेवते. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलेला कागद रस्त्यावरून कोणाला वाचता येत नाही. राउटरवर किंवा हॉलच्या भिंतीवर मात्र नको, तिथे पाहुणा फोटो काढतो. माझ्या सासूबाईंनी आमचा पासवर्ड त्यांच्या भजनाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला आहे. पाच शब्द, एकाखाली एक. नवीन फोन आला की त्या वही उघडतात आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणत स्वतः टाइप करतात. गेस्टचा पासवर्ड त्यांनी मुद्दाम वेगळ्या पानावर लिहिला आहे आणि त्यावर पेन्सिलने तारीख घातली आहे, म्हणजे कधी बदलला ते कळतं.